दाजींच्या कानाची कीर्ती

आमच्या दाजींना इंजिनाचं मन कळतं, असं लाँड्रीच्या आवारात गेली पंधरा वर्षं बोललं जात होतं. माणसांचं मन कळतं असं कोणी म्हटलेलं माझ्या ऐकिवात नाही, पण तो विषय वेगळा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लाँड्रीची पिकअप चालवायचे. हॉस्पिटलच्या धुतलेल्या चादरी, टॉवेल आणि ऑपरेशनचे हिरवे डगले यांचे गठ्ठे सकाळी सातच्या आत पोचवायचे, आणि मळके घेऊन परत यायचं. मी त्याच लाँड्रीत गठ्ठे मोजून गाडीत चढवतो. म्हणजे दाजी गाडी मागे घ्यायचे तेव्हा गाडीच्या मागे जो उभा असायचा, तो मी. हे मुद्दाम सांगतोय. पुढची हकिगत वाचताना माझी थोडी काळजी तुम्हालाही वाटायला हवी.

कारण दाजींना ऐकू येत नाही.

थोडं कमी येतं, एका बाजूने येतं, असलं काही नाही. चौदा वर्षं ते बॉयलर आणि पिळणीच्या यंत्राच्या मधोमध उभे होते. तिथून गाडीवर आले तेव्हा कान निम्मे त्या यंत्रापाशीच राहिले होते, उरलेले पुढच्या पाच-सहा वर्षांत गेले. कीर्ती मात्र शाबूत राहिली. ती मिळाली होती एकदाच. कान चांगले असताना त्यांनी आवाराच्या या टोकाहून त्या टोकाला उभ्या असलेल्या एका ट्रकवाल्याला सांगितलं होतं, "तुझा पंप जाणार." दोन दिवसांनी पंप गेला. तेव्हापासून प्रत्येक ड्रायव्हर आपली गाडी घेऊन यायचा, "दाजी, जरा ऐका ना." दाजी डोळे मिटायचे, बॉनेटवर तळहात ठेवायचे आणि गंभीर चेहऱ्याने काहीतरी सांगायचे. निम्म्या वेळा ते बरोबर निघायचं. दोन्ही कान धड असलेल्या मेकॅनिकांचंही प्रमाण साधारण तेवढंच आहे.

आता ज्याला ऐकू येत नाही तो गाडी चालवू शकत नाही, असं मी म्हणत नाही. आरसे असतात, डोळे असतात, आणि रस्त्यावर कानाने गाडी चालवणारे मी तरी पाहिले नाहीत. तपासून घेतलं असतं, रीतसर यंत्र लावलं असतं, तर कोणी हरकत घेतली नसती. पण मग कीर्तीचं काय झालं असतं? इंजिनाचं मन ओळखणारा माणूस कानात यंत्र लावून हिंडणार? त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. ही मूठ झाकून ठेवायचं काम अर्थातच माझ्या बहिणीकडे आलं.

नऊ हिवाळे ताई पहाटे पाचला उठत होती. लाँड्रीत सांगितलं होतं, की हॉस्पिटलमध्ये उतरलेले गठ्ठे मोजायला दाजींना दुसरा माणूस लागतो. मालकाला फुकटात माणूस मिळत होता, तो कशाला नाही म्हणेल? मी इतकी वर्षं तिची थट्टा करत आलो. "नवऱ्याचं शेपूट," म्हणायचो. ती हसायची आणि गाडीत जाऊन बसायची. मला खरं कळलं तेव्हा चार हिवाळे होऊन गेले होते. थट्टा मी तरीही थांबवली नाही, नाहीतर लोकांना संशय आला असता. असा मी समजूतदार भाऊ.

थंडीत पिकअप सुरू करायची म्हणजे दाजींच्या घरी तो एक सोहळाच असायचा. संध्याकाळी परतल्यावर ते बॅटरी काढून दोन जिने चढवून वर आणायचे आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फळीवर ठेवायचे. लादी गार असते म्हणून फळी. फळीवरही गार लागेल म्हणून जुनी शाल. ताई त्या बॅटरीला सवत म्हणायची. "माझ्या गुडघ्याला शाल मागितली तर म्हणाले, घरात कशाला हवी? सवतीला मात्र रोज."

पहाटे सवत खाली जायची. आधी अधिकची वायर, मग वजाची. गाडीवरचा बर्फ खालून वर नव्हे, टपापासून खाली झाडायचा, नाहीतर पहिला ब्रेक मारल्यावर टपावरचा सगळा ढीग काचेवर येतो. सायलेन्सरच्या तोंडात बर्फ अडकलाय का, ते वाकून बघायचं. काचेवर गरम पाणी ओतायचं नाही. शेजारच्या पाववाल्याने एकदा ओतलं होतं, आणि त्या हिवाळ्यात तो पुढच्या काचेऐवजी प्लास्टिक लावून हिंडला. शेडचं दार सताड उघडल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही. "बंद शेडमध्ये गाडी गरम करणारा स्वतः कायमचा गार होतो," हे दाजींचं आवडतं वाक्य. दर हिवाळ्यात ते पहिल्यांदाच सुचल्यासारखं म्हणायचे.

मग चावी अर्धी फिरवायची. हीटरचा पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचं. हे एकदा नाही, दोनदा. क्लच पूर्ण दाबायचा, रेसला पाय लावायचा नाही आणि मग सेल्फ. दहा सेकंदांत घेतली तर घेतली, नाहीतर सोडून अर्धा मिनिट थांबायचं.

इथपर्यंत सगळं डोळ्यांचं आणि हातापायांचं काम. इंजिन धरलं की नाही, हे मात्र कानांचं काम. नीट कळलं नाही आणि चालू इंजिनावर पुन्हा चावी फिरवली, की आतून असा खरखराट येतो की सगळं आवार वळून बघतं. गारठ्यात तर इंजिन आधी धरतं, मग अडखळतं, मग पुन्हा धरतं. सगळी गाडी थरथरत असते, नुसत्या हाताला काही कळत नाही. म्हणून शेजारी बसलेल्या ताईचा हात दाजींच्या कोपरावर असायचा. एक चापटी, म्हणजे इंजिनाने धरलं. एक चिमटा, म्हणजे मागून कोणीतरी ओरडतंय. नऊ वर्षांत आवारातल्या एकालाही कळलं नाही. सगळे म्हणायचे, या वयातही काय प्रेम आहे बघा.

त्यानंतर आमच्याकडे सुरक्षा अधिकारी आला.

हा माणूस येण्याआधी लाँड्रीत एकच फलक होता, 'थुंकू नये'. पहिल्या महिन्यात एकोणतीस झाले. जिन्यावर 'जिना आहे'. बॉयलरवर 'गरम'. आम्ही त्याचं नाव सूचनाफलक ठेवलं. त्याच्या मोटारीला गरम गॅरेज होतं. थंडीत गाडी सुरू होत नाही, ही गोष्ट त्याने फक्त वाचलेली होती, आणि वाचलेल्या गोष्टीवर माणसाचा विश्वास जरा जास्तच बसतो. डिसेंबरच्या सुरुवातीला तिसावा फलक आला. मालाच्या गाडीत ड्रायव्हरशिवाय कोणी बसणार नाही. त्याखाली लहान अक्षरांत, की प्रत्येक ड्रायव्हरने सोमवारी सकाळी सहाला एकट्याने थंड गाडी सुरू करून, माल चढवायच्या फलाटाला मागे लावून दाखवायची. जमलं नाही तर गाडी बंद.

दाजींनी फलक वाचला, घरी आले आणि जेवले नाहीत. ताई मला म्हणाली, "जाऊन सांगू या त्यांना खरं. काय होईल फार तर?"

दाजींना तिच्या ओठांवरून कळलं. "काय होईल? सगळे हसतील. इतकी वर्षं बहिऱ्याला गाड्या दाखवल्या म्हणून हसतील." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मेहुणे, तुम्ही काही करा. एवढी अक्कल आहे ना तुम्हाला, बाहेर काढा जरा."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मला शाळेत शिकवलं होतं. मी तरीही अक्कल बाहेर काढली. परीक्षेच्या वेळी मी आवारात असणारच होतो. सुरुवातीला गाडीच्या समोर उभा राहीन, नंतर फलाटापाशी आरशात दिसेन असा. खुणा कोणाला कळता कामा नयेत, अगदी साध्या हव्यात, थंडीत माणूस सहज करतो तशा. हात चोळले, म्हणजे इंजिनाने धरलं. हातांवर फुंकर घातली, म्हणजे थांबा. रविवारी दुपारी आम्ही घरात तालीमही केली. दाजी खुर्चीवर बसले, मी समोर भिंतीशी उभा राहिलो, आणि एकही चूक झाली नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. ताई फक्त एवढंच म्हणाली, "घरात शेगडी पेटलेली आहे रे." मी त्याचा अर्थ विचारला नाही.

अर्थ सोमवारी सकाळी सहाला कळला. शून्याच्या खाली अकरा होतं. आवारात वीस-पंचवीस माणसं जमली होती, आणि त्यातला प्रत्येक जण हात चोळत होता नाहीतर हातांवर फुंकर घालत होता. खुद्द सूचनाफलकही दोन्ही करत होता. मी दाजींना नीट दिसावा म्हणून एक पाऊल पुढे आलो आणि हात खिशात घट्ट कोंबून उभा राहिलो. माझे हात हे आता नुसते हात राहिले नव्हते, त्यांच्यावर एका घराची भाकरी अवलंबून होती.

दाजींनी सगळं यथासांग केलं. बर्फ झाडला, सायलेन्सर बघितला, दिवा दोनदा विझू दिला. सूचनाफलक यादीवर खुणा करत होता. सेल्फ लागला. इंजिन कण्हलं, खोकलं, आणि त्याच क्षणी माझ्या बोटांना अशी कळ लागली की मी काय करतोय हे कळायच्या आत हात बाहेर काढून चोळले. दाजींनी ताबडतोब चावी सोडली. इंजिन गप्प.

"का सोडली?" सूचनाफलकाने मला विचारलं.

"अर्धा मिनिट थांबावं लागतं," मी म्हणालो. "बॅटरीला दम खाऊ द्यायचा."

त्याने ते लिहून घेतलं. दुसऱ्यांदा मी दातांखाली ओठ धरून उभा राहिलो. इंजिनाने धरलं, अडखळलं, पुन्हा धरलं आणि स्थिर झालं. तेव्हा कुठे मी हात चोळले. दाजींनी चावी सोडली, रेसला न डिवचता तीन-चार मिनिटं गाडी तशीच चालू ठेवली, मग हलकेच पुढे घेऊन आवारातच ब्रेक दाबून बघितला. हौद्यात मागच्या चाकांवर वाळूच्या चार गोण्या होत्या. चादरींना वजन नसतं, आणि हलकी गाडी बर्फावर कंबर हलवते. सूचनाफलकाच्या यादीत गोण्या नव्हत्या. त्याने त्या वाढवल्या.

मग मागे घेण्याची पाळी आली. मी धावत फलाटापाशी गेलो. गाडी मागे येऊ लागली. तोपर्यंत माझी बोटं माझी राहिली नव्हती. मी शपथेवर सांगतो, मी ठरवून एकदाही फुंकर घातली नाही, ती आपली आपण घातली जात होती. दर दोन पावलांवर दाजी करकचून थांबायचे, आरशात बघायचे, मी घाईघाईने हात खाली घ्यायचो, ते पुन्हा निघायचे. असं सहा वेळा झालं. सूचनाफलक शेजाऱ्याला म्हणाला, "याला म्हणतात सावधपणा. दर दोन पावलांवर खात्री करून घेतोय. बघा, शिका."

सातव्या खेपेला दाजींना कळून चुकलं की मेहुण्याला थंडी वाजतेय. लांडगा आला रे आला म्हणून सहा वेळा ओरडणाऱ्याकडे सातव्या वेळी कोण बघतं?

आणि सूचनाफलकाच्या परीक्षेत एक न लिहिलेला प्रश्न होता. त्याने चादरींची रिकामी ढकलगाडी हळूच फलाट आणि पिकअपच्या मध्ये सरकवली, आरशात दिसणार नाही अशी, आणि स्वतः तिला धरून तिथेच उभा राहिला. ड्रायव्हरचं लक्ष किती आहे ते त्याला बघायचं होतं. पिकअप दहा-बारा हातांवर आल्यावर तो ओरडला, "थांबा!"

गाडी येत राहिली.

मी फुंकर घातली. जीव तोडून घातली, दोन्ही हातांवर, गाल फुगवून. दाजींनी आरशात माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, वाजतेय बिचाऱ्याला. सूचनाफलक पुन्हा ओरडला. मागे सरकायला गेला, तर पाठीशी फलाट. मी ओरडलो, सगळं आवार ओरडलं. ज्याला आम्ही इतकी वर्षं ओरडून हाका मारत होतो त्या माणसाला आमच्यातल्या कोणाचाही आवाज कधीच पोचला नव्हता, हे मला त्या एका क्षणी जसं कळलं तसं आधी कधी कळलं नव्हतं. मी फार घाबरलो होतो.

ताई कुठून आली ते मी पाहिलं नाही. दाजींचे विसरलेले हातमोजे द्यायचं निमित्त करून ती फाटकापाशी उभी होती, एवढंच ठाऊक होतं. ती बर्फावरून पळत आली आणि गाडीच्या मागे, जिथे उजव्या आरशात संपूर्ण माणूस दिसतो नेमकी त्या जागी, हात पसरून उभी राहिली. ती जागा तिला दाखवावी लागली नाही.

दाजींनी ब्रेक एकदम दाबला नाही. बर्फावर एकदम दाबला की चाकं लॉक होतात आणि गाडी घसरते. दाबला, सोडला, दाबला. गाडीचा मागचा फाळका ताईच्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबला. तिने दोन्ही हात फाळक्यावर टेकले होते.

सूचनाफलकाने घाम पुसला, शून्याखाली अकरामध्ये. मग वही काढून लिहिलं आणि वाचूनही दाखवलं, "आवाज दिल्यावर गाडी थांबवली. उत्तीर्ण." पेनाने लिहिलं होतं. थोड्या टाळ्याही वाजल्या. मीही वाजवल्या, लाज नाही वाटली. सुटलो, एवढंच मनात होतं.

दाजी खाली उतरले. ते मागे आले, फाळका आणि ताई यांच्यामधली जागा बघितली, मग ढकलगाडी बघितली.

"तू ओरडलीस?" त्यांनी विचारलं.

ताईने होकारार्थी मान हलवली.

"किती वेळा?"

तिने तीन बोटं दाखवली.

दाजींनी ती तीन बोटं बघितली. मग सूचनाफलकाजवळ गेले, त्याच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "साहेब, एक खासगी बोलायचंय." दाजींचं खासगी बोलणं कसं असतं, ते त्यांना स्वतःला सोडून सगळ्यांना माहीत आहे. वरच्या मजल्यावर इस्त्रीवाल्या बायका खिडकीत आल्या. "मला ऐकू येत नाही. नऊ वर्षं झाली. आवाजाने नाही थांबलो मी, बायको दिसली म्हणून थांबलो. ते खोडा."

कोणी हसलं नाही. नऊ वर्षं दाजी ज्याला भीत होते ते हसू आलंच नाही. ज्याचा पंप गेला होता तो ट्रकवाला खाली बघत नुसता पाय घासत उभा होता.

"पेनाने लिहिलंय हो," सूचनाफलक आधी एवढंच म्हणाला. मग त्याच्यातला माणूस जागा झाला असावा, कारण त्याने पान फाडलं. दाजींच्या समोर जाऊन, ओठ नीट हलवत तो म्हणाला, "कान तपासून घ्या. यंत्र लावा. मग परत परीक्षा. तोवर गाडी नाही."

"बरोबर आहे," दाजी म्हणाले आणि चावी त्याच्या हातात दिली. त्याला ती कुठे धरायची तेही माहीत नव्हतं. आवारात पिकअपचा परवाना असलेला, आणि त्या वेळी लपून बसायला जागा न मिळालेला, असा दुसरा माणूस एकच होता. त्या दिवशीच्या चादरी मीच पोचवल्या. उशीर किती झाला ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी बॅटरी न्यायला त्यांच्याकडे गेलो. दार ढकललेलंच होतं. दाजी कोट घालून स्वयंपाकघरात बसले होते. पाचला आपसूक जाग आली असणार, आणि कोट अंगात घातल्यावर कुठे जायचं नाही हे आठवलं असणार. शाल बॅटरीवर नव्हती. बॅटरी उचलून माझ्या हातात देताना त्यांनी सायलेन्सरपासून वाळूच्या गोण्यांपर्यंत सगळं एकदा सांगितलं, मग पुन्हा एकदा सांगितलं. चेहरा उतरलेला होता. पण ताईचा विषय निघाला आणि एकदम उजळले.

"झोपलीय," म्हणाले. "नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी उठलो ते तिला कळलंसुद्धा नाही." मग माझी बाही ओढून म्हणाले, "जरा बघून या ना. घोरतेय का? मला दारातून काही कळत नाही. गाढ लागलीय ना झोप?"

मी आतल्या खोलीच्या दारात गेलो. ताई गळ्यापर्यंत शाल ओढून, डोळे सताड उघडे ठेवून छताकडे बघत पडली होती. नऊ वर्षांची सवय, पाचनंतर कसली झोप? मला बघून तिने उठायचं चिन्ह दाखवलं नाही. स्वयंपाकघराच्या दिशेने एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सांगू नकोस म्हणून हळूच मान हलवली. मग डोळे मिटून घेतले.

मी परत आलो. काल सकाळी भर आवारात खरं बोललेला तो माणूस माझ्या ओठांकडे डोळे लावून उभा होता. आमच्या घरात खरेपणा पुरता एक दिवसही टिकला नाही.

"गाढ झोपलीय," मी सांगितलं. "अगदी घोरतेय."